वनस्पतींची जागतिक नामसूची : एका दुर्लक्षित सार्वजनिक वस्तूचे अर्थशास्त्र

जैवविविधतेच्या संवर्धनाचा विचार करताना वने, अभयारण्ये, निधी आणि कायदे यांची चर्चा सर्वत्र होते. या सर्वांची एक पूर्वअट मात्र बहुधा गृहीत धरली जाते. ज्या वनस्पतीचे संरक्षण करावयाचे, जिच्या व्यापारावर नियंत्रण आणावयाचे किंवा जिच्या वापरातून मिळणाऱ्या लाभाची वाटणी करावयाची, तिचे नाव सर्व संबंधितांना एकाच अर्थाने ठाऊक असले पाहिजे. पृथ्वीवर वनस्पतींच्या ज्ञात जाती किती, या साध्या प्रश्नाला विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत सर्वमान्य उत्तर नव्हते. ते मिळविण्यासाठी गेल्या दोन दशकांत जो आंतरराष्ट्रीय प्रयत्न झाला, त्याचा परिचय करून देणे आणि त्यामागील आर्थिक प्रश्नांची उकल करणे, हा या लेखाचा उद्देश आहे.

प्रारंभी परिभाषेविषयी एक सूचना. या लेखात ‘जाती’ हा शब्द वर्गीकरणातील मूलभूत एककासाठी, तर ‘वंश’ हा शब्द परस्परांशी निकट नाते असलेल्या जातींच्या गटासाठी वापरला आहे. वृत्तपत्रांतून ‘प्रजाती’ हा शब्द कधी या तर कधी त्या अर्थाने येतो. उत्तरपत्रिकेत हा घोटाळा टाळलेला बरा.

एक वनस्पती, अनेक नावे

नावांची ही अडचण प्रस्तुत लेखकाला ग्रंथातून नव्हे, तर स्वतःच्या चुकीतून उमगली. गौण वनोपजाच्या व्यापाराची आकडेवारी जुळविताना दोन राज्यांच्या नोंदींतील ‘ब्राह्मी’ची आवक मी निःशंकपणे एकत्र केली होती. एका वनस्पतिशास्त्रज्ञ स्नेह्याने कच्चा मसुदा वाचून विचारले, ‘यातली कोणती ब्राह्मी?’ एका राज्यात ते नाव बाकोपा मोनिएरी या वनस्पतीला होते आणि दुसऱ्या राज्यात सेंटेला एशियाटिकाला, म्हणजे मंडूकपर्णीला. दोन्ही ओलसर जागी पसरणाऱ्या, दोन्ही औषधी. पण त्यांची कुलेही भिन्न आहेत. माझ्या तक्त्यातील बेरीज अचूक होती, फक्त ती कशाचीच नव्हती.

संख्याशास्त्रातील चूक तक्ता बदलून दुरुस्त करता येते. औषधाच्या बाबतीत तसे घडत नाही. १९९० च्या दशकाच्या आरंभी बेल्जियममधील ब्रुसेल्स येथे वजन कमी करण्याच्या उपचारांत चिनी वनौषधींचा वापर झाला. अपेक्षित वनस्पती होती स्टेफॅनिया टेट्रान्ड्रा. प्रत्यक्षात तिच्या जागी अ‍ॅरिस्टोलोकिया फांगची ही विषारी घटक असलेली वनस्पती आली. चिनी व्यापारात दोघींच्याही नावात ‘फांग जी’ हे शब्द आहेत. शंभरहून अधिक रुग्णांची, त्यांतही मुख्यतः स्त्रियांची, मूत्रपिंडे निकामी झाली किंवा गंभीररीत्या बाधित झाली. औषधी वनस्पतींच्या नियमनाच्या इतिहासात या घटनेचा उल्लेख वारंवार येतो तो यामुळेच.

लोकभाषेतील नावे संदिग्ध असतात, म्हणून शास्त्रीय नाव वापरावे, असे यावर कोणी सुचवील. परंतु शास्त्रीय नावेही एकमेव नसतात. हिमालयातील ‘कुठ’ अथवा कुष्ठ या सुगंधी मुळाच्या वनस्पतीचे उदाहरण घ्यावे. १९९१ च्या दुरुस्तीने वन्यजीव संरक्षण अधिनियमाला जोडलेल्या सहाव्या अनुसूचीत ती सॉसुरिया लॅप्पा या नावाने होती. वन्य प्राणी व वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचे नियमन करणाऱ्या ‘साइट्स’ कराराच्या पहिल्या परिशिष्टात ती सॉसुरिया कोस्टस म्हणून येते. अलीकडे काही तज्ज्ञ तिला डोलोमिया या वेगळ्याच वंशात ठेवतात. सीमाशुल्क अधिकाऱ्यासमोर आलेल्या पोत्यावरील नाव आणि त्याच्या हातातील यादीतील नाव यांचा मेळ घालणारे साधन नसेल, तर या दोन्ही कायद्यांचा अंमल केवळ त्याच्या स्मरणशक्तीवर अवलंबून राहील.

एकाच जातीला अनेक नावे मिळण्याचे कारण इतिहासात आहे. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश, फ्रेंच, डच आणि जर्मन संग्राहक एकाच वेळी वेगवेगळ्या प्रदेशांत काम करीत होते. बर्मामध्ये वर्णिलेली वनस्पती जावामध्ये पुन्हा ‘नवी’ म्हणून वर्णिली गेली, तरी दोघांना परस्परांचा पत्ता नसे. कालांतराने या दोन्ही एकच आहेत असे सिद्ध झाले की सामान्यतः आधी प्रसिद्ध झालेले नाव ‘स्वीकृत’ ठरते आणि नंतरचे ‘समनाम’ म्हणून नोंदले जाते. समनाम रद्द होत नाही. जुन्या ग्रंथांतील, औषधकोशांतील आणि कायद्यांतील माहिती त्याच नावाखाली साठलेली असते, म्हणून स्वीकृत नावांइतकीच समनामांचीही सूची महत्त्वाची असते.

लिनीअसपासून ‘इंडेक्स क्यूएन्सिस’पर्यंत

स्वीडिश शास्त्रज्ञ कार्ल लिनीअस यांच्या १७५३ मधील ‘स्पीशीज प्लँटॅरम’ या ग्रंथापासून वनस्पतींच्या द्विनाम पद्धतीचा आरंभ मानला जातो. त्यात सुमारे सहा हजार जाती होत्या. भारतीय वाचकाने येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. लिनीअसने ज्या ग्रंथांचा आधार घेतला त्यांत मलबारचा डच गव्हर्नर हेंड्रिक व्हान ऱ्हीड याने सिद्ध केलेला ‘हॉर्टस मलबारिकस’ हा बारा खंडांचा ग्रंथ होता. तो १६७८ ते १६९३ या काळात अ‍ॅमस्टरडॅम येथे प्रसिद्ध झाला. त्यातील माहितीचा मोठा भाग इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्याकडून आला, आणि रंग भट, विनायक पंडित व अप्पू भट या तीन कोकणी ब्राह्मणांनी दिलेले प्रमाणपत्र पहिल्या खंडात नागरी लिपीत व कोकणी भाषेत छापलेले आहे. शेवग्याच्या वंशाचे ‘मोरिंगा’ हे नाव दक्षिण भारतीय भाषांतूनच लॅटिनमध्ये गेले. आंतरराष्ट्रीय सहकार्य हा शब्द त्या काळी नव्हता, आणि ते संबंध समानतेचेही नव्हते. पण जागतिक सूचीच्या पायात भारतीय ज्ञानाचे दगड आहेत, ही वस्तुस्थिती आहे. हा ग्रंथ इंग्रजीत व मल्याळममध्ये आणण्यासाठी कालिकतचे प्रा. के. एस. मणिलाल यांनी अनेक दशके वेचली.

पुढील टप्पा लंडनजवळील क्यू येथील उद्यानाचा. उत्तर आयुष्यात चार्ल्स डार्विन यांनी प्रसिद्ध झालेल्या सर्व सपुष्प वनस्पतींच्या नावांची सूची करण्यासाठी स्वतःच्या संपत्तीतून पैशाची तरतूद केली. जोसेफ हूकर यांच्या देखरेखीखाली बेंजामिन डेडन जॅक्सन यांनी ती तयार केली आणि १८९३ ते १८९५ या काळात ती ‘इंडेक्स क्यूएन्सिस’ या नावाने प्रसिद्ध झाली. तिच्या पुरवण्या पुढे शंभर वर्षे निघत राहिल्या. १९९९ मध्ये क्यू, हार्वर्ड विद्यापीठ आणि ऑस्ट्रेलियाचा राष्ट्रीय वनस्पतिसंग्रह यांच्या नोंदी एकत्र करून ‘आंतरराष्ट्रीय वनस्पतिनाम निर्देशिका’ संगणकीय जाळ्यावर उपलब्ध झाली. कोणते नाव कोठे आणि केव्हा प्रसिद्ध झाले हे ती सांगते. त्यांपैकी कोणते स्वीकारावे हे सांगत नाही. हा फरक महत्त्वाचा आहे. टेलिफोनच्या वहीत एकाच गृहस्थाची तीन नावांनी नोंद असेल, तर वही पाहून गावची लोकसंख्या सांगता येणार नाही, तसेच हे आहे.

हेगचे सोळा लक्ष्यांक

१९९२ मध्ये रिओ दि जानेरो येथे मांडण्यात आलेला जैविक विविधता करार डिसेंबर १९९३ मध्ये अमलात आला. या कराराच्या सदस्य राष्ट्रांच्या सहाव्या परिषदेत, एप्रिल २००२ मध्ये हेग येथे ‘वनस्पती संवर्धनाची जागतिक व्यूहरचना’ स्वीकारण्यात आली. तिच्यात २०१० पर्यंत साध्य करावयाचे सोळा लक्ष्यांक होते. पहिलाच लक्ष्यांक होता सर्व ज्ञात वनस्पतिजातींची, सर्वांना सहज उपलब्ध होईल अशी कार्यसूची. ‘कार्यसूची’ या शब्दात शहाणपण होते. परिपूर्ण सूचीची वाट पाहत बसल्यास ती कधीच हाती येणार नाही, हे तज्ज्ञांनी मान्य केले होते.

क्यू आणि अमेरिकेतील मिसूरी वनस्पती उद्यान यांनी मिळून डिसेंबर २०१० मध्ये ‘द प्लांट लिस्ट’ प्रसिद्ध केली. अनेक विद्यमान सूची संगणकाद्वारे एकत्र करून, त्यांच्यात मतभेद आढळल्यास कोणत्या सूचीला प्राधान्य द्यावे याचे नियम ठरवून ती बनविली होती. सप्टेंबर २०१३ मधील सुधारित आवृत्तीत जातींच्या पातळीवरील १० लाख ६४ हजार नावे होती. त्यांपैकी केवळ ३ लाख ५१ हजारांच्या आसपास नावे स्वीकृत, सुमारे ४ लाख ७१ हजार समनामे आणि २ लाख ४० हजारांहून अधिक नावे अनिर्णित होती. म्हणजे दर स्वीकृत जातीमागे सरासरी तीन नावे, आणि जवळजवळ दर चौथ्या नावाविषयी निर्णय नाही.

दरम्यान ऑक्टोबर २०१० मध्ये नागोया येथील परिषदेत लक्ष्यांक उंचावला. आता केवळ यादी नव्हे, तर सर्व ज्ञात वनस्पतींचे वर्णनासह जालस्थित वनस्पतिवैभव २०२० पर्यंत हवे होते. क्यू, मिसूरी, न्यूयॉर्क आणि एडिंबरो येथील चार उद्यानांनी पुढाकार घेतला. ‘वर्ल्ड फ्लोरा ऑनलाइन’ या नावाने या प्रकल्पाचा आरंभ ऑक्टोबर २०१२ मध्ये हैदराबाद येथे, सदस्य राष्ट्रांच्या अकराव्या परिषदेच्या वेळी झाला. परीक्षार्थींना ही परिषद बहुधा दुसऱ्याच कारणाने आठवते : लाभवाटणीविषयीच्या नागोया मसुद्याला भारताने त्याच महिन्यात अनुसमर्थन दिले. या दोन घटना एकत्र लक्षात ठेवाव्यात, त्यांचा परस्परसंबंध पुढे येईल.

‘द प्लांट लिस्ट’ २०१३ नंतर गोठली. तिची जागा ‘वर्ल्ड फ्लोरा ऑनलाइन’ने घेतली. तिची नामसूची वर्षातून दोनदा, जून व डिसेंबरमध्ये, नव्याने निघते आणि प्रत्येक आवृत्ती जतन केली जाते. प्रत्येक नावाला दहा अंकी कायम क्रमांक असतो. वनस्पतीचा वंश बदलला तरी नावाचा क्रमांक बदलत नाही. आधार क्रमांकामागील कल्पनेहून ही फार वेगळी नाही. एकेका कुलाची किंवा वंशाची जबाबदारी जगभरातील तज्ज्ञांच्या एकेका गटाकडे असते. सध्या तिच्यातील स्वीकृत जाती सुमारे ३ लाख ८० हजार आहेत.

आकड्यांविषयी येथे सावध राहावे. क्यूने २०१६ च्या अहवालात वाहिनीवंत वनस्पतींच्या ३ लाख ९१ हजार जाती सांगितल्या, तर २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच संस्थेच्या तपासलेल्या सूचीत त्या सुमारे ३ लाख ४३ हजार भरल्या. पाच वर्षांत अठ्ठेचाळीस हजार जाती नष्ट झाल्या असा याचा अर्थ नाही. दोन्ही आकड्यांमागील गणनेची पद्धत वेगळी होती आणि समनामांची छाननी पुढे गेली होती. शिवाय दरवर्षी सुमारे दोन हजार नव्या जातींची भर पडतच असते. उत्तर लिहिताना आकड्यासोबत सूचीचे नाव व वर्ष द्यावे.

सूचीचे अर्थशास्त्र

अर्थशास्त्रीय दृष्टीने ही सूची शुद्ध सार्वजनिक वस्तू आहे. पॉल सॅम्युअल्सन यांनी १९५४ मध्ये मांडलेल्या कसोटीनुसार, एकाने वापरल्याने ती दुसऱ्यासाठी कमी होत नाही. आणि एकदा जालावर आली की कोणाला वगळणेही कठीण. अशा वस्तूचा पुरवठा बाजारपेठ गरजेपेक्षा कमी करते, हे आपण पाठ्यपुस्तकात वाचतो. औषध कंपन्या, बियाणे उद्योग, निर्यातदार, वनविभाग हे सर्व सूचीचे लाभार्थी आहेत. खर्चाचा वाटा उचलण्याची निकड मात्र कोणालाच वाटत नाही. करारावर सह्या राष्ट्रांनी केल्या, पण काम मुख्यतः काही उद्यानांनी स्वतःच्या अंदाजपत्रकातून आणि धर्मादाय प्रतिष्ठानांच्या देणग्यांतून उभे केले. डार्विन यांच्या खासगी तरतुदीपासून या बाबतीत फारसे अंतर पडलेले नाही.

मात्र हा केवळ पैशाचा प्रश्न असता, तर एखाद्या श्रीमंत राष्ट्राने तो सोडविला असता. जॅक हर्शलायफर यांनी १९८३ मध्ये सार्वजनिक वस्तूंतील एक भेद दाखविला. काही वस्तूंचा दर्जा सर्वोत्तम प्रयत्नावर ठरतो. एका देशाने लस शोधली की पुरे. काहींचा दर्जा सर्वांत दुर्बळ दुव्यावर ठरतो. नदीकाठचा बंधारा एका शेतकऱ्याने अपुरा ठेवला तर सर्व गाव बुडते. वनस्पतींची सूची दुसऱ्या प्रकाराच्या बरीच जवळ आहे. युरोपातील वनस्पतींची नोंद कितीही काटेकोर झाली, तरी न्यू गिनी, काँगोचे खोरे किंवा ईशान्य भारत यांतील काम अपुरे असेल तेवढी जागतिक सूची अपुरी राहते. जातींची संख्या उष्ण कटिबंधात दाट आहे. तज्ज्ञ, ग्रंथालये आणि जुने नमुने समशीतोष्ण देशांत एकवटलेले आहेत. जगातील साडेतीन हजार वनस्पतिसंग्रहांत सुमारे चाळीस कोटी वाळविलेले नमुने आहेत, पण त्यांतील सर्वांत मोठे संग्रह पॅरिस, क्यू, न्यूयॉर्क यांसारख्या ठिकाणी आहेत.

बाभळीचे नाव कोणी नेले?

सहकार्यात खर्च कोणावर पडतो, याचे सर्वांत बोलके उदाहरण आपल्या बाभळीचे आहे. प्राचीन ग्रीकांनी ईजिप्तमधील बाभळीच्या झाडाला दिलेल्या नावावरून ‘अ‍ॅकेशिया’ हा शब्द आला, आणि त्या वंशाचा प्रारूप, म्हणजे ज्या जातीशी वंशाचे नाव कायमचे बांधलेले असते ती जातीही बाभूळच होती. संशोधनाअंती हा प्रचंड वंश अनेक वंशांत विभागावा लागेल असे स्पष्ट झाले. नियमाप्रमाणे ‘अ‍ॅकेशिया’ हे नाव बाभळीच्या लहान गटाकडे राहिले असते आणि ऑस्ट्रेलियातील हजाराच्या आसपास जातींची नावे बदलावी लागली असती. म्हणून प्रारूपच बदलून नाव ऑस्ट्रेलियन गटाला द्यावे, असा प्रस्ताव आला.

२००५ मध्ये व्हिएन्ना येथील आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेत यावर मतदान झाले. निम्म्याहून अधिक मते प्रस्तावाच्या विरोधात होती. परंतु समितीची शिफारस फेटाळण्यास साठ टक्के मते लागत असल्याने ती टिकली. २०११ मध्ये मेलबर्न येथे या निर्णयावर शिक्कामोर्तब झाले. आपली बाभूळ आता व्हॅचेलिया निलोटिका आहे आणि खैर सेनेगॅलिया कॅटेचू.

एकूण खर्च किमान ठेवण्याच्या निकषावर हा निर्णय समर्थनीय आहे, असे माझे मत आहे. जातींची संख्या मोजली तर कमी नावे बदलली. पण एकूण खर्च किमान असणे आणि त्याची वाटणी न्याय्य असणे या भिन्न बाबी आहेत. पाठ्यपुस्तके, वनविभागांच्या याद्या, काताच्या व्यापाराची कागदपत्रे, सामाजिक वनीकरणाच्या पुस्तिका बदलण्याचा भार आफ्रिकी देशांवर आणि भारतावर पडला, आणि त्याची भरपाई करण्याची कोणतीही तरतूद नामकरणाच्या संहितेत नाही. आजही आपल्या अनेक शासकीय दस्तऐवजांत अ‍ॅकेशिया हेच नाव आढळते. जुने नाव टाकले तरी नव्यापर्यंत पोहोचविणारी जागतिक सूची नसती, तर या निर्णयाचा खर्च कितीतरी अधिक झाला असता.

भारताची बाजू

भारतीय वनस्पती सर्वेक्षण या संस्थेची स्थापना १८९० मध्ये झाली आणि १९५४ मध्ये तिची पुनर्रचना करण्यात आली. पुण्यातील तिचे पश्चिम विभागीय केंद्र त्यानंतरच्या वर्षी सुरू झाले. हावडा येथील केंद्रीय राष्ट्रीय वनस्पतिसंग्रहात सुमारे वीस लाख नमुने आहेत. तथापि, अनेक भारतीय जातींचे प्रारूप नमुने भारताबाहेर आहेत. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील नॅथॅनियल वॉलिच यांनी १८२८ मध्ये प्रचंड संग्रह लंडनला नेला आणि त्याच्या प्रती युरोपभर वाटल्या. मुख्य संच क्यू येथे आहे. या नमुन्यांच्या तुलनेसाठी भारत सरकारला अनेक वर्षे आपला एक संपर्क अधिकारी क्यू येथे ठेवावा लागे. आज नमुन्यांची उच्च दर्जाची छायाचित्रे जालावर येत असल्याने हा अडसर बराच कमी झाला आहे. भारतीय वनस्पती सर्वेक्षणानेही २०२२ मध्ये आपला आभासी वनस्पतिसंग्रह खुला केला.

दुसरी बाजू सार्वभौमत्वाची आहे. जैविक विविधता कराराने जैविक संसाधनांवर राष्ट्रांचा सार्वभौम अधिकार मान्य केला, आणि हळद, कडुनिंब यांच्या एकस्वांविरुद्ध लढा दिलेल्या भारताला त्याचे महत्त्व पटवून देण्याची गरज नाही. त्यानुसार २००२ चा जैविक विविधता अधिनियम आला. २०२३ मध्ये त्यात दुरुस्ती झाली. त्याच्या कलम ३९ नुसार नव्याने आढळलेल्या जातीची सूचना अधिकृत संग्रहालयांना देऊन नमुना तेथे ठेवणे आवश्यक आहे. ही तरतूद योग्यच आहे. परंतु नमुने परदेशी तज्ज्ञाकडे तुलनेसाठी पाठविण्यातील अडचणींविषयी भारतीय वर्गीकरणतज्ज्ञांच्या पुढाकाराने २०१८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात लेख प्रसिद्ध झाला आणि अनेक देशांतील संशोधकांनी त्याला पाठिंबा दिला. व्यापारी लाभासाठी नेलेली मुळी आणि ओळख पटविण्यासाठी पाठविलेली वाळकी फांदी यांत व्यवहारात भेद केला गेला नाही, तर सूचीतील दुर्बळ दुवा आपणच निर्माण करू. हैदराबादेतील दोन घटनांचा संबंध तो हा. लाभवाटणीचा करारनामा शास्त्रीय नावावर लिहिला जातो. नाव निश्चित नसेल तर लाभावरील दावाही निश्चित राहत नाही.

कालमर्यादेचाही विचार आवश्यक आहे. क्यूच्या २०२३ च्या अहवालानुसार सपुष्प वनस्पतींच्या ज्ञात जातींपैकी ४५ टक्के जाती संकटग्रस्त असण्याची शक्यता आहे, आणि ज्यांचे अद्याप वर्णन झालेले नाही अशा जातींपैकी चारांतील तीन. संवर्धनाच्या यादीत नाव नसलेल्या वनस्पतीला स्थान मिळत नाही.

राहिलेले काम सोपे नाही. आपल्या जांभळाचा सायझिजियम हा वंश घ्यावा. त्याच्या सुमारे बाराशे जाती आफ्रिकेपासून पॅसिफिक बेटांपर्यंत पसरल्या आहेत आणि सह्याद्रीतही त्यांची संख्या लक्षणीय आहे. त्यांच्या समनामांचा उलगडा करण्यासाठी क्यू, लायडन, बोगोर, सिंगापूर आणि हावडा येथील नमुने एकमेकांशेजारी ठेवून पाहावे लागतात. एवढ्या मोठ्या वंशाचे पुनरीक्षण हा एका संशोधकाच्या आयुष्यातील अनेक वर्षांचा व्यवसाय असतो, आणि विद्यापीठांच्या बहुतेक गुणांकन पद्धतींत त्याची नोंद एक प्रकाशन अशी होते.